जीपीएल २ वरून ३ वर जायचं का? ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमवरून आमच्यात वाद, सल्ला हवाय

रामबागवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण पूर्ण वाचून मगच लिहा ही विनंती, कारण यावरून वीस वर्षांची मैत्री ताणली गेलीय.

२००८ मध्ये आम्ही चौघांनी, तेव्हा सगळे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, घराजवळच्या जुन्या मराठी ग्रंथालयासाठी पुस्तक देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला. सभासद, वर्गणी, उशिराचा दंड, पावती, पुस्तकांची यादी, सगळं त्यात. रोज संध्याकाळी तिथल्याच लांब टेबलावर बसून लिहायचो आणि मग राजवाड्याला पोहे खायला जायचो. लायसन्स जीपीएल लावलं (२ आणि ३ या त्याच्या आवृत्त्या), म्हणजे प्रोग्रॅम कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा, पण पुढे देताना सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, त्याच अटींवर द्यावा. तेव्हा फार विचार न करता, पण मनापासून. आज हा प्रोग्रॅम इंदूर, देवास, उज्जैन मिळून सहा ग्रंथालयांत चालतो.

मागच्या वर्षी एका ग्रंथालयाला देणगी मिळाली आणि त्यांनी बाहेरगावच्या एका कंपनीकडून टचस्क्रीनचं उभं मशीन घेतलं. सभासदानं येऊन पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, असं. आत आमचाच प्रोग्रॅम. कंपनीनं ते लपवलं नाही, मागितल्याबरोबर पूर्ण सोर्स पेनड्राइव्हवर दिला, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्यांनी यादीचा क्रम लावणारी आमची फाईल काढून त्या जागी डेटाबेसचा आपला क्रम ठेवलाय. त्यामुळे क्ष ची पुस्तकं क मध्ये गेली, ज्ञ ची ज मध्ये, आणि ळ आला ल च्या लगेच मागे. म्हणजे ‘काळ’नं सुरू होणारी नावं ‘कावळ्या’च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, मग क्ष, ज्ञ, हे लहानपणी पाटीवर गिरवलेलं आहे सगळ्यांनी. ऐंशी पार केलेल्या एक आजी बोटानं यादी सरकवत सरकवत शेवटपर्यंत जातात, तिथे क्ष सापडत नाही, आणि ‘माझं पुस्तक काढून टाकलं का रे’ म्हणून विचारतात. हे मी समोर उभं राहून बघितलंय.

मग आम्ही पेनड्राइव्हवरच्या सोर्समध्ये आमची फाईल परत घातली, कंपाइल केलं, मशीनमध्ये टाकलं. मशीन बूटच होईना. काळा स्क्रीन आणि वर एक ओळ, सही जुळत नाही. कंपनी म्हणते प्रोग्रॅमवर डिजिटल सही करायची ‘की’ (किल्ली) आम्ही कोणाला देत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, बदल हवा तर वार्षिक करार करा.

आता आमच्यातला जो पुण्यात असतो तो म्हणतो की हे तंतोतंत जीपीएल ३ चं प्रकरण आहे, ताबडतोब ३ वर जा. आमच्यातली ताई, जी आजही सहाही ग्रंथालयांचे फोन घेते, ती म्हणते अजिबात नाही, २ आहे तेच ठीक. आणि चौथा, ज्यानं ती क्रमवारीची फाईल लिहिली, तो २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. मी मध्ये अडकलोय. त्याच्याशिवाय लायसन्स बदलता येतं का, आणि बदलून हे मशीन उघडेल का, दोन्ही सांगा.

जुना_पेंग्विन

रामबागवाला, हा वाद नवा नाही रे, २००६ आणि २००७ ची दोन वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर यावरच भांडत होते. मी तेव्हा बंगलोरला नोकरीला होतो आणि ऑगस्ट २००६ मध्ये तिथे जीपीएल ३ ची आंतरराष्ट्रीय परिषद झाली तिला दोन्ही दिवस गेलो होतो, जीपीएल ज्यांनी लिहिलं ते रिचर्ड स्टॉलमन स्वतः आले होते, त्यामुळे हे माझ्या फार जवळचं आहे, जरा सविस्तर लिहितो.

मूळ दुखणं होतं टिवो. टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा अमेरिकेतला डबा, आत लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. सोर्स देत होते, पण तुम्ही बदललेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या डब्यात चालायचा नाही, कारण डबा आधी सही तपासायचा. तुझ्या मशीनसारखंच. स्टॉलमन आणि जीपीएल काढणारी त्यांची संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणाले की कोड वाचायला दिला पण चालवायला दिला नाही तर स्वातंत्र्य उरलं कुठे. २ नंबरचं लायसन्स १९९१ चं, तेव्हा असा डबा कोणाच्या डोक्यातही नव्हता. म्हणून जानेवारी २००६ मध्ये ३ चा पहिला मसुदा आला आणि त्यात लिहिलं की बदललेला प्रोग्रॅम बसवायला लागणाऱ्या किल्ल्याही द्यायच्या.

तिथेच ठिणगी पडली. लिनक्स कर्नल सुरू करणारे लिनस टोरवाल्डस यांनी त्याच महिन्यात सांगून टाकलं की कर्नल ३ वर जाणार नाही. त्यांचं म्हणणंही नीट समजून घ्या, लोक अर्धवट सांगतात. ते म्हणत की माझा सौदा कोडचा आहे, मी कोड दिला, तू सुधारलेला कोड परत दे, संपलं, तुझं यंत्र कसं बनवायचं हे मी सांगणार नाही. सप्टेंबर २००६ मध्ये कर्नलच्या दहा मोठ्या डेव्हलपरांनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. त्यांची एक भीती अशी होती की काही प्रोजेक्ट २ वर, काही ३ वर, असे तुकडे पडतील आणि एकाचा कोड दुसऱ्यात घालता येणार नाही. मग नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्स विकणारी नॉव्हेल यांचा पेटंटचा करार झाला, त्यानं आणखी तेल ओतलं, पुढच्या मसुद्यात तसल्या करारांविरुद्ध कलम आलं. शेवटी २९ जून २००७ ला ३ बाहेर पडलं. फाईली शेअर करायचा प्रोग्रॅम बनवणारे सांबावाले लगेच गेले, जीसीसी हा कंपायलर गेला, कर्नल आजही २ वरच.

माझं मत स्पष्ट आहे, पुण्यातला मित्र बरोबर बोलतोय. आजींना क्ष सापडत नाही आणि दुरुस्ती तयार असून बसवता येत नाही, याहून मोठा पुरावा कशाला हवा. शिवाय ३ मध्ये एक माणुसकीची गोष्ट आहे, २ मध्ये चूक झाली की हक्क आपोआप संपतो, ३ मध्ये पहिल्यांदाच चुकलेल्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारायची संधी मिळते.

पण आधी एक काम कर. प्रत्येक फाईलच्या वर लायसन्सच्या ओळीत नेमकं काय लिहिलंय ते बघ. ‘आवृत्ती २’ एवढंच, की ‘आवृत्ती २ किंवा नंतरची कोणतीही’? सगळं त्यावर अवलंबून आहे. लिनस यांनी २००० मध्येच कर्नलवर फक्त २ असं लिहून ठेवलं होतं.

उज्जैनी

पेंग्विन काका, इतिहास अगदी बरोबर सांगितला पण शेवट सुटला, आणि या माणसाला नेमका शेवटच हवाय.

किल्ल्या द्यायचं कलम पहिल्या मसुद्यात सगळ्या यंत्रांना होतं. मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात ते आकसलं आणि तसंच अंतिम ३ मध्ये आलं. आता ते फक्त घरगुती वापराच्या वस्तूंना लागू आहे, म्हणजे माणसं स्वतःसाठी, कुटुंबासाठी, घरात वापरतात अशा वस्तू किंवा घरात बसवायला बनवलेल्या. टीव्हीचा डबा, राउटर, फोन, हे सगळं येतं. शंका असेल तर ग्राहकाच्या बाजूनं निर्णय लावायचा असंही लिहिलंय, पण ज्या वस्तूचा बिगरघरगुती वापर हाच एकमेव खरा वापर आहे ती बाहेर. ग्रंथालयासाठी बनवलेलं, माणसाच्या उंचीचं, लोखंडी पायाचं मशीन कोण घरी ठेवतं? माझ्या वाचनाप्रमाणे ते बाहेरच जाईल. मग तुम्ही चौघं, माफ करा, तिघं, भांडून ३ वर गेलात तरी कंपनी की न देता तशीच राहू शकते.

दुसरं म्हणजे ते मशीन तर आधीच विकलं गेलंय, २ च्या कोडवर. तुमचं नवं लायसन्स नव्या आवृत्तीला लागेल, कंपनीकडच्या कोडला नाही.

उलट २ मध्येच बघण्यासारखं काहीतरी आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात सोर्सची व्याख्या करताना कंपाइल करायच्या आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही धरल्यात. तेवढ्या शब्दांवरून सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेचे लोक म्हणतात की बसवता येणं हा हक्क २ मध्येही आहे. २०२१ मध्ये त्यांनी टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओवर कॅलिफोर्नियात दावा लावला तो सोर्स आणि या स्क्रिप्टांसाठीच. लिनस यांना हे वाचन मान्य नाही, किल्ल्या मागणं २ मध्ये बसत नाही असं ते म्हणतात, पण कंपनीला पत्र लिहिताना हा मुद्दा घालायला हरकत नाही.

जुना_पेंग्विन

उज्जैनी, घरगुती वस्तूचं कलम मला माहीत आहे, आणि ते आकसलं तेव्हा मला वाईटच वाटलं होतं, अजून वाटतं. कंपन्यांनी मोठ्या यंत्रांसाठी सवलत मागितली आणि ती मिळाली. पण म्हणून २ वर बसून राहायचं का? उद्या हीच कंपनी घरी वापरायचं टॅबलेट काढेल त्यात हाच प्रोग्रॅम घालून, तेव्हा? लायसन्स आजच्या एका मशीनसाठी नसतं, पुढच्या वीस वर्षांसाठी असतं.

आधीच विकलेल्या मशीनचं तुझं म्हणणं मात्र मान्य, ते मी लिहायला हवं होतं.

वकीलताई (जिल्हा कोर्टाजवळ)

कायद्याचं थोडं लिहिते, कारण इथे सगळे अमेरिकेच्या हिशोबानं बोलून राहिलेत.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. प्रोग्रॅम हा त्यात साहित्यकृती म्हणून येतो. लेखक वारल्यावर हक्क ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलं आणि आई, हे सगळे वारस. लोक पत्नीची सही घेतात आणि आईला विसरतात, मग पुढे अडतं. दुसरं बघा, तो फाईल लिहीत होता तेव्हा कुठे नोकरीला होता का आणि ते काम नोकरीचा भाग होतं का, तसं असेल तर कलम १७ प्रमाणे हक्क मालकाचा. तुमचं वर्णन वाचून तसं वाटत नाही, पण विचारून घ्या.

आणि सही घेतलीच तर कागदावर मुदत आणि प्रदेश लिहाच लिहा. कलम १९ असं सांगतं की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवरून उतरवलेले परदेशी नमुने इथे लोक तसेच भरतात, ते बघून माझा जीव वरखाली होतो.

सगळ्यांची परवानगी घेऊन लायसन्स बदलल्याची उदाहरणं आहेत. व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्या व्हीएलसीवाल्यांनी आपलं मूळ इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल लायसन्सवर नेताना जुन्या एकेका माणसाला शोधून विचारलं. ओपनएसएसएल या इंटरनेटच्या सुरक्षेच्या प्रोग्रॅमवाल्यांनी २०१७ मध्ये सगळ्यांना ईमेल पाठवायला घेतले आणि नवं लायसन्स लागलेली ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. तुमची तर चारच माणसं.

रामबागवाला (इंदूर)

काका, उज्जैनी भाऊ, वकीलताई, मनापासून आभार. काल रात्री सगळ्या फाईली उघडून बसलो. आमच्या तिघांच्या फाईलींवर ‘आवृत्ती २ किंवा नंतरची कोणतीही’ असंच आहे. पावतीचा भाग आम्ही दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून घेतलाय, त्यावर फक्त २.

आणि त्याच्या तीन फाईली. २००९ मध्ये त्यांवरही ‘किंवा नंतरची’ होतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यानं ती ओळ स्वतः काढली. कमिटवर, म्हणजे बदल नोंदवतानाच्या टिपणीत, त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं देतो: ‘नंतरची म्हणजे कुठली ते आज कोणाला माहीत आहे? न वाचलेल्या कागदावर सही नको. ३ पूर्ण वाचलं, किल्ल्यांचं पटलं, पेटंटचं समजलं नाही. आत्ता फक्त २.’

पंधरा वर्षं ही ओळ माझ्या कॉम्प्युटरवर होती आणि मी ती कधी उघडून वाचली नव्हती. रात्री दोन वाजता वाचली. नंतर झोप आली नाही.

जुना_पेंग्विन

वाचून मीही थोडा वेळ गप्प बसलो.

पण नियमानं बघायला गेलं तर रस्ता आहे. २००९ ची फाईल त्यानं स्वतः ‘किंवा नंतरची’ म्हणून दिली होती, ती परवानगी मागे गेलेली नाही. ती जुनी आवृत्ती घ्या, ३ खाली वापरा, कोणाची सही नको. फक्त पावतीचा भाग नव्यानं लिहावा लागेल, कारण नुसता २ आणि ३ एकत्र बांधून वाटता येत नाहीत. लिब्रेकॅड या आराखडे काढायच्या मुक्त प्रोग्रॅमचं तेच झालं होतं, डीडब्ल्यूजी प्रकारची आराखड्याची फाईल उघडणारी तयार कोडची लायब्ररी तयार होती पण ती ३ खाली आणि लिब्रेकॅड फक्त २ खाली, दोन्ही मुक्त, दोन्ही समोरासमोर आणि एकमेकांच्या कामाचे नाहीत.

देवघेव_ताई

मी तीच, जिच्याबद्दल वर लिहिलंय. लिंक पाठवली त्याबद्दल त्याचे आभार, माझ्या मागे न बोलता समोर बोलला हे बरं केलं.

काका, तुमचा मान ठेवून सांगते, २००९ ची फाईल घ्या हे बोलायला सोपं आहे. त्या फाईलीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकत्र येत होते. २०११ च्या पावसाळ्यात तो आणि मी तीन आठवडे त्या एका अर्ध्या र वर बसलो होतो, ‘आचार्य’ वेगळं आणि ‘कोऱ्या’ वेगळं, जोडाक्षर कुठे तुटतं, ऱ चा कोड कुठला, वही भरली होती त्यानं. ते सगळं २०१० नंतरचं आहे, म्हणजे फक्त २ खालचं. तुम्ही जुनी फाईल घेतली की तीन आठवड्यांचं त्याचं काम टाकून दिलं, आणि ज्या माणसानं वाचून, विचार करून ओळ काढली त्याच्या मागच्या दारानं आत शिरलात. परवानगी असेल कायद्यानं. मला नाही चालणार.

लोकांना वाटतं मी कंपनीच्या बाजूनं आहे. नाही. त्या मशीनसमोर आजींच्या शेजारी मीही उभी होते, हातानं शोधून पुस्तक मीच काढून दिलं. माझं म्हणणं एवढंच की लायसन्सनं कुठलं भांडण भांडायचं हे ठरवा. पावतीचा भाग नव्यानं कोण लिहिणार? पुण्यातला लिहिणार का रविवारी बसून? मार्चअखेर सहा ग्रंथालयांचा हिशोब त्याच पावत्यांवर होतो, एक रुपया चुकला तर फोन मला येतो. आणि कर्नलवाल्यांचं बघा, ३ मधलं ते ३० दिवसांचं चांगलं वाटलं तेव्हा त्यांनी २०१७ मध्ये तेवढं वेगळं निवेदन काढून २ सोबत जोडलं. पूर्ण लायसन्स न बदलता. आपणही तेवढं करू शकतो, मी आज सही करते.

उज्जैनी

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझा दुजोरा. आणि की हवी असेल तर ती खरेदीच्या कागदात मागा. पैसे देताना ग्रंथालयाचा हात वर असतो, नंतर नसतो. लायसन्स जिथे पोचत नाही तिथे पर्चेस ऑर्डर पोचते, त्यात लिहून टाका की पूर्ण रक्कम देण्याआधी सही करायची की किंवा आपली की बसवायची सोय मिळालीच पाहिजे.

रामबागवाला (इंदूर)

उशिरा लिहितोय, रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. मी आणि ताई दोघं, पुण्यातला फोनवर.

वहिनींना सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. त्याची आईही बसली होती. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे दोघींच्या सहीचा कागद मी तयार करून नेला होता, मुदत, प्रदेश, सगळं घालून. वहिनींनी नीट वाचला. मग एवढंच विचारलं, ‘आम्ही सही केली तर ते मशीन सुरू होईल का?’

मला नाही म्हणावं लागलं. आधीच विकलेलं आहे, आणि नव्यालाही ते कलम लागेल याची खात्री नाही. मग मीच कागद परत पिशवीत ठेवला. त्याची वही मात्र त्यांनी दिली, ती र ची, ताईकडे आहे आता, ती एकेक पान स्कॅन करतेय.

तर ठरलं ते असं. त्याच्या फाईली त्यानं ठेवल्या तशा, फक्त २. आमच्या तिघांच्या ‘२ किंवा नंतरची’ तशाच, म्हणजे काकांना हवा तो दरवाजा बंद झालेला नाही. ३० दिवसांचं निवेदन आम्ही तिघांनी सही करून सोर्ससोबत ठेवलं. पुण्यातला अजून नाराज आहे, तो म्हणतो हे अर्धवट आहे, आणि मी त्याला चूक म्हणू शकत नाही. पावतीचा भाग तो नव्यानं लिहायला घेतोय, दिवाळीपर्यंत देतो म्हणाला. जुन्या मशीनच्या कंपनीला कलम ३ चा मुद्दा घालून पत्र गेलंय. तोवर ताईनं क्ष आणि ज्ञ ची यादी मोठ्या अक्षरात छापून मशीनच्या बाजूला चिकटवलीय.

देवासचं ग्रंथालय पुढच्या महिन्यात मशीन घेतंय, त्यांच्या ऑर्डरमध्ये ही ओळ घालतोय:

‘यंत्रातील प्रोग्रॅममध्ये ग्रंथालयाने केलेला बदल यंत्रावर बसवून चालवता यावा यासाठी लागणारी की, तिचा पासवर्ड व बसवण्याची कृती पुरवठादाराने लेखी द्यावी, ग्रंथालयाच्या माणसाने स्वतः एक बदल बसवून, यंत्र पुन्हा सुरू करून दाखवल्यावरच उरलेली ४० टक्के रक्कम दिली जाईल.’

वकीलताई, यात ‘लेखी द्यावी’ पुरेल का ‘सुपूर्त करावी’ लिहू? आणि कंपनीच बंद पडली तर काय, त्यासाठी वेगळी ओळ लागेल का? सोमवारी टायपिंगला द्यायचंय.

वकीलताई (जिल्हा कोर्टाजवळ)

‘लेखी द्यावी व सुपूर्त करावी’ दोन्ही लिहा, आणि ‘यंत्र पोचल्यापासून १५ दिवसांत’ अशी मुदत घाला. कंपनी बंद पडायच्या ओळीची गरज नाही, की आधीच तुमच्या हातात असेल. फक्त ती कोणाच्या ताब्यात राहील ते ग्रंथालयाच्या ठरावात येऊ द्या, एका माणसाच्या घरी नको. मसुदा रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, बघून देते.